असेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड व्हेर्नर : पार्श्वभूमी
आल्फ्रेड व्हेर्नर यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा झुरिक विद्यापीठात त्यांची वीस वर्षे पूर्ण झाली होती; मात्र असेंद्रिय रसायनशास्त्राचे मुख्य व्याख्यान त्यांच्याकडे १९०२ पर्यंत आलेच नव्हते. तोवर ते सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत होते. त्यांच्या कार्याचे मर्म मला याच गोष्टीत दिसते.

१८६६ मध्ये अल्सेसमधील म्यूलूझ येथे जन्मलेल्या व्हेर्नर यांनी १८९० मध्ये रसायनशास्त्रज्ञ आर्थर हान्च यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगांतील अणूंची त्रिमितीय मांडणी हा त्यांचा विषय होता. हीच दृष्टी त्यांनी १८९३ मध्ये धातूंच्या क्षारांकडे वळवली.

त्या काळी कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांच्यापासून बनणाऱ्या रंगीत क्षारांचे कोडे सुटत नव्हते. द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले की सहा अमोनियांच्या पिवळ्या क्षारातील तिन्ही क्लोराइड अवक्षेपित होत, म्हणजे न विरघळणारा साका बनून तळाशी बसत, पाच अमोनिया असतील तर दोन, आणि चार असतील तर एकच. कोपनहेगनचे रसायनशास्त्रज्ञ योर्गेनसेन अमोनियाच्या साखळ्या कल्पून याचा अर्थ लावत. कोबाल्टभोवती नेहमी सहाच जागा असतात, त्या अष्टफलकाच्या, म्हणजे आठ पृष्ठांच्या घनाकृतीच्या, सहा कोपऱ्यांवर असतात आणि अमोनियाने रिकामी सोडलेली जागा घेणारा क्लोराइड तिथे बांधला गेल्याने अवक्षेपित होत नाही, असे व्हेर्नर यांनी १८९३ च्या निबंधात मांडले. या निबंधानंतर त्याच वर्षी त्यांना झुरिक विद्यापीठात पद मिळाले आणि १८९५ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले.

सिद्धान्त मात्र प्रयोगाच्या पुढे धावला होता. अष्टफलक खरा असेल, तर चार अमोनिया आणि दोन क्लोरीन असलेल्या क्षाराचे दोन समघटक, म्हणजे घटक तेच पण मांडणी वेगळी अशी दोन रूपे, असायला हवेत; हिरवा ठाऊक होता, दुसरा कोणालाच मिळत नव्हता. तो जांभळा क्षार व्हेर्नर यांनी १९०७ मध्ये तयार केला आणि योर्गेनसेन यांनी आपला विरोध मागे घेतला. ज्या काटेकोर प्रयोगांच्या आधारे व्हेर्नर यांनी आपला सिद्धान्त रचला, त्यांतले कितीतरी योर्गेनसेन यांचेच होते. त्यांना केवळ हरलेला प्रतिस्पर्धी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

ही सगळी वर्षे प्रयोगशाळेत अपुऱ्या उजेडात गेली. तिच्या तळघराला विद्यार्थी ‘कॅटाकोम’, म्हणजे भुयारी दफनभूमी, म्हणत. नवी इमारत १९०९ मध्ये मिळाली. सुमारे दोनशे प्रबंध त्यांच्या हाताखाली झाले आणि त्या काळाच्या मानाने त्यांत स्त्रियांची संख्याही लक्षणीय होती. १९०१ मध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ इडिथ हम्फ्री त्यांच्याच विद्यार्थिनी.

१९११ मध्ये व्हिक्टर किंग या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी कोबाल्टच्या एका संयुगाची डावी आणि उजवी, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली, रूपे वेगळी केली. अशी रूपे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल विरुद्ध दिशांना फिरवतात. त्या संयुगात एथिलीनडायअमीन हे कार्बनयुक्त संयुग होते, त्यामुळे हा प्रकाशीय गुण कार्बनचाच, अशी शंका काहींनी घेतली. १९१४ मध्ये कार्बनचा एकही अणू नसलेल्या कोबाल्टच्या आयनाची (विद्युतभारित कणाची) अशीच दोन रूपे वेगळी करून व्हेर्नर यांनी तिला उत्तर दिले. पाचच वर्षांनी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर दीर्घ आजाराने त्यांचे निधन झाले.