एकाच खडकावर तीन भावांचे बिऱ्हाड

जर्मनीतील मोझेल नदीला मिळणाऱ्या एका लहानशा ओढ्याने तीन बाजूंनी वेढलेल्या, सुमारे ७० मीटर उंचीच्या खडकावर एल्ट्स किल्ला उभा आहे. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याच्या ११५७ सालच्या दानपत्रावर रूडॉल्फ फॉन एल्ट्स याची साक्षीदार म्हणून नोंद आहे. मोझेलच्या खोऱ्यातून आयफेलच्या डोंगराळ प्रदेशाकडे आणि माइफेल्डच्या सुपीक धान्यपट्ट्याकडे जाणारी व्यापारी वाट याच परिसरातून जात असल्यामुळे या घराण्याच्या जमिनींना मोल होते.

१२६८ च्या सुमारास एलियास, विल्हेल्म आणि थिओडेरिख या तीन भावांनी किल्ल्याची व जमिनींची वाटणी केली. पुढे सोनेरी सिंह, रुपेरी सिंह आणि रेड्याची शिंगे अशा चिन्हांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन शाखांनी एकाच अंगणाभोवती आपापली घरे चढवली. खडक जसा वळतो तशाच भिंती वळतात, आणि आडवे पसरायला जागाच नसल्यामुळे ही घरे वरवर वाढत गेली. या किल्ल्याचे सारे सौंदर्य मला या अडचणीतच दिसते.

एकत्र राहायचे, तर करार हवेतच. तिन्ही शाखांची बैठक जेथे भरे, त्या दालनातील विदूषकांचे मुखवटे येथे मोकळेपणाने बोलण्याची मुभा आहे असे सांगतात, तर दारावर कोरलेला गुलाब येथील बोलणे बाहेर जाता कामा नये, अशी आठवण देतो. भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही. पण तिच्यावरचा तोडगा असा भिंतीवर कोरून ठेवलेला क्वचितच पाहायला मिळतो.

बाहेरचे संकट मात्र करारांनी टळले नाही. ट्रिअरचा आर्चबिशप बाल्डुइन याने १३३१ मध्ये एल्ट्स व शेजारच्या सरदारांविरुद्ध संघर्ष सुरू केला, समोरच्या उंचवट्यावर ट्रुट्झएल्ट्स ही गढी बांधली आणि तेथून किल्ल्यावर दगडी गोळ्यांचा मारा केला. काही वर्षांच्या वेढ्यानंतर एल्ट्सच्या सरदारांनी आपले स्वातंत्र्य सोडून त्याचे मांडलिकत्व पत्करले. किल्ला मात्र त्यांच्याच हाती राहिला.

शिंगांच्या चिन्हाची शाखा १७८६ मध्ये निर्वंश झाली. १८१५ मध्ये सोनेरी सिंहाच्या शाखेने रुपेरी सिंहाचा वाटा विकत घेतला आणि साडेपाच शतकांनी संपूर्ण किल्ला पुन्हा एकाच मालकाकडे आला.