शॅम्पेनचे बुडबुडे डॉम पेरिन्यों यांनी शोधले नाहीत

‘या लवकर, मी तारे चाखतोय!’ असं म्हणत डॉम पेरिन्यों या फ्रेंच साधूने शॅम्पेन ही फसफसती वाइन शोधली, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही. हे वाक्य त्यांच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी एका जाहिरातीत झळकलं.

१६६८ मध्ये ते फ्रान्समधल्या ओव्हिलेरच्या मठाचे वाइनचे कोठार सांभाळू लागले आणि १७१५ मध्ये मरेपर्यंत सांभाळत राहिले. बुडबुडे तेव्हा दोष मानले जात. थंडीत वाइनचं आंबणं थांबायचं, वसंतात पुन्हा सुरू व्हायचं आणि आत साठलेल्या वायूने बाटल्या फुटायच्या. इकडे इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मेरेट या शास्त्रज्ञाने १६६२ मध्येच साखर घालून वाइन फसफसती करण्याची रीत नोंदवली होती.

मग पेरिन्यों यांचं श्रेय काय? माझ्या मते दंतकथेपेक्षा मोठं. वेलींची कडक छाटणी, सकाळच्या गारव्यात तोडणी, द्राक्षाचा फुटका मणी बाजूला. काळी द्राक्षं अशा हलक्या हाताने पिळायची की सालीचा रंग रसात उतरू नये. वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं पिळण्याआधीच एकत्र करायची. तब्बल ४७ वर्षं हेच काम!

त्यांच्या नावाची महागडी शॅम्पेन मात्र मठाची नाही. मोएत कंपनीने ती १९३६ मध्ये बाजारात आणली.