बर्फाशिवाय टिकणारा टुना

कोल्हापूरच्या बाजारात सुका बोंबील घेताना तो टिकतो कसा, असा प्रश्न सहसा पडत नाही. अंगानं सडसडीत मासा, टांगला की उन्हावाऱ्यानं वाळतो. जाड मांसाचा टुना असा टांगला तर वाळण्याआधीच सडेल. मालदीवच्या शेजारी, लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला असलेल्या मिनिकॉय बेटानं यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘मासमीन’, उकडून, धुरी देऊन वाळवलेला टुना. मला तो अन्नशास्त्राचा उत्तम धडा वाटतो.

तिथला मुख्य मासा स्किपजॅक टुना. स्नायूंत तयार झालेली उष्णता तो वाया जाऊ देत नाही. रक्तवाहिन्यांच्या दाट जाळीत आतून येणारं गरम रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, म्हणून त्याचं अंग भोवतीच्या पाण्याहून गरम असतं. पकडल्यावर हीच ऊब घात करते. त्याच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि उष्णतेत जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. नंतर शिजवून उपयोग नाही. जिवाणू मरतात, पण तयार झालेलं हिस्टामिन तसंच राहतं.

त्यामुळे सगळी मदार वेळेवर. मासा किनाऱ्यावर आला की डोकं, आतडी, काटे काढून लांब तुकडे खारट पाण्यात उकळतात. जिवाणू मरतात, प्रथिनं आकसतात आणि मांसातलं बरंच पाणी बाहेर पडतं. मग नारळाच्या सोडणांचा धूर देतात. धुरातली फिनॉल गटातली द्रव्यं चरबी खवट होऊ देत नाहीत, बुरशीलाही आवर घालतात. शेवटी कडक ऊन. तुकडा लाकडासारखा टणक होतो. जिवाणूंना वापरता येईल असं पाणीच फारसं उरत नाही. आपल्या गुळाची ढेप टिकते तीही याच तत्त्वावर, फक्त तिथं उरलंसुरलं पाणी साखरेनं बांधलेलं असतं. चौदाव्या शतकात मालदीवला गेलेल्या प्रवासी इब्न बतूतानं उकडून धुरी दिलेल्या अशाच माशाचं आणि त्याच्या परदेशी व्यापाराचं वर्णन केलं आहे.

खारं पाणी, ऊन, सोडण: सगळं बेटावरचंच. पाच चौरस किलोमीटरही नसलेल्या जमिनीवर दुसरं मिळणार तरी काय? नारळापासून काथ्या आणि गूळ होतो. अनेक पुरुष व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जातात.

मासेमारीही बघण्यासारखी. समुद्रात टुनाचा थवा दिसला की जिवंत चिमुकले मासे फेकतात, पाण्याचे फवारे उडवतात आणि उलटा काटा नसलेल्या गळानं एकेक टुना वर ओढतात. जाळ्यात अडकून कासवं मरण्याचा प्रश्न इथं येत नाही. पण आमिषाचे हे मासे मिळतात प्रवाळानं वेढलेल्या उथळ खाजणात, आणि त्यातल्या काही जाती थेट प्रवाळाच्या आसऱ्यानं राहतात. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं, म्हणजे या माशांचा आसराच धोक्यात आला. टुना खुल्या समुद्रातला असला, तरी आमिष मिळालं नाही तर होडी त्याच्यामागे जाऊच शकत नाही.