इंटरनेट कारभारातील लोकसहभाग : व्यावसायिक पगड्यापासून संरक्षण

इंटरनेटवरील नावे, पत्ते आणि त्यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थांत सामान्य वापरकर्त्यांसाठी राखलेली जागा कंपन्यांच्या कह्यात जाऊ नये, यासाठी केलेल्या तरतुदी. असा कब्जा सहसा उघडपणे होत नाही. धोरणविषयक समित्या कधी कधी वर्षानुवर्षे चालतात आणि मसुदे शेकडो पानांचे असतात. कंपनीचा माणूस तिथे पगारी वेळेत बसतो, तर वापरकर्त्यांचा प्रतिनिधी नोकरी सांभाळून, रात्री जागून. शेवटपर्यंत कोण टिकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

डोमेन नावांची (म्हणजे संकेतस्थळांच्या नावांची) व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने (स्थापना १९९८) २००० मध्ये धाडसी प्रयोग केला. जगभरच्या वापरकर्त्यांनी ऑनलाइन मतदान करून पाच संचालक निवडले. नोंदणी दीड लाखावर गेली, मते मात्र सुमारे ३४ हजारच पडली. संघटित गट आपली माणसे मतदार म्हणून घुसवतील, ही भीती होतीच; पण २००२ च्या फेररचनेत निवडणूकच मोडीत निघाली. तिच्या जागी पंधरा जणांची सल्लागार समिती आली. २०१० पासून वापरकर्त्यांच्या या गटाला एक संचालक निवडता येतो. पाचाचा एक झाला, हे विसरून चालणार नाही.

नुसती डोकी मोजण्यातही धोका आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे (इंटरनेट पुरवठादार कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी, हे तत्त्व) नियम रद्द करण्याबाबत दूरसंचार आयोगाकडे सुमारे २.२ कोटी अभिप्राय आले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्यांतले जवळजवळ १.८ कोटी बनावट होते. ८५ लाखांवर अभिप्राय ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आले होते, तेही खऱ्या माणसांच्या नावांवर, त्यांच्या नकळत. (नियमांच्या बाजूनेही एका विद्यार्थ्याने ७७ लाख खोटे अभिप्राय टाकले होते.)

खरे अभिप्रायही नेहमी पुरत नाहीत. डॉट ऑर्गने संपणाऱ्या, मुख्यतः ना-नफा संस्था वापरतात त्या नावांच्या दरवाढीवरची मर्यादा काढू नका, असे २०१९ मध्ये तीन हजारांवर अभिप्रायांपैकी बहुतेकांनी कळवले, मर्यादा निघालीच. त्याच वर्षी हे डोमेन चालवणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरला विकण्याचा घाट घातला गेला. तेव्हा ना-नफा संस्था एकवटल्या, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनीही विरोधाचे पत्र धाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली.

सदस्यत्वाच्या अटी हा आणखी एक उपाय : आयकॅनमधील बिगर-व्यावसायिक गटात व्यापारी संस्थांना प्रवेश नाही. याशिवाय, समितीत बसणाऱ्याने आपण कोणासाठी बोलतो याचे लेखी निवेदन द्यायचे. त्याची पळवाट बरीच वर्षे नमुन्यातच छापलेली होती : पेशाची नीतिबंधने आड येत असल्यास तेवढे नमूद करावे, अशिलाचे नाव न दिले तरी चाले.