नेपोलियनकालीन स्कॉटिश शिपाई

फ्रान्सशी १७९३ ते १८१५ या काळात (१८०२-०३ मधील वर्षभराची उसंत सोडता) चाललेल्या युद्धांत ब्रिटिश राजाच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून लढलेला स्कॉटलंडचा माणूस. त्याचे चित्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे : किल्ट (गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घागरा), पिसांची उंच टोपी, बॅगपाइपचा सूर आणि संगिनी रोखून धावणारी रांग. हे चित्र बरेचसे पुढच्या पिढ्यांतील चित्रकारांनी रंगवले. प्रत्यक्षात या शिपायाची हकिगत जमिनीच्या प्रश्नापासून सुरू होते. तिचा मोठा भाग चिखल, ताप आणि पगारातील वजावटी यांनी व्यापलेला असतो. लढाईचे दिवस त्यात थोडेच.

प्रत्येक स्कॉटिश शिपाई हायलँडर नसे. उत्तर व पश्चिमेचा डोंगराळ, गेलिक बोलणारा मुलूख म्हणजे हायलँड, तर दक्षिणेचा सखल, शेतीचा आणि कापडधंद्याचा प्रदेश म्हणजे लोलँड. ४२वी (ब्लॅक वॉच), ७८वी, ७९वी (कॅमेरॉन), ९२वी (गॉर्डन) आणि ९३वी (सदरलँड) या हायलँडच्या नावाजलेल्या पलटणी. पहिली रॉयल स्कॉट्स, २६वी कॅमेरोनियन, ९०वी पर्थशर आणि स्कॉट्स ग्रेज हे घोडदळ यांत किल्टचा संबंधच नव्हता. ७१वी नावाने हायलँडची, पण तिच्यात ग्लासगो आणि आसपासची मुले मोठ्या संख्येने होती; हातमागावरची मजुरी घसरू लागली तसे अनेक विणकर सैन्याकडे वळले. युद्ध लांबले तसे आयरिश व इंग्लिश शिपाईही हायलँड पलटणींत भरावे लागले.

भरती : हायलँडमध्ये भरतीचे सूत्र जमीनदाराच्या हातात होते. कुळाने मुलगा पलटणीत द्यावा आणि बदल्यात जमीन त्याच्याकडे राहावी, असा हा व्यवहार. कधी उघड बोललेला, कधी नुसता समजून घेतलेला. तो नाकारण्याची ताकद फार थोड्या कुळांत होती, कारण त्याच वर्षांत जमीनदार खंड वाढवत होते आणि माणसे हटवून मेंढ्या आणत होते. १७९२ साली रॉसशरमधील लोकांनी या मेंढ्यांचे कळप मुलखाबाहेर हाकलण्याचा प्रयत्न केला. तो मोडून काढायला ४२व्या पलटणीचे, म्हणजे हायलँडचेच शिपाई पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी त्याच रॉसशरमध्ये सीफोर्थच्या मॅकेंझीने ७८वी पलटण उभी केली. सदरलँडमध्ये तर काउंटेसच्या कारभाऱ्यांनी कुळांच्या याद्या काढून तरुण निवडले आणि १८०० साली ९३वी पलटण तयार झाली. याला स्वेच्छेची भरती म्हणणे कठीण आहे.

गॉर्डनची डचेस जेन हिने १७९४ साली ओठांत शिलिंग धरून चुंबनासह तरुणांना भरती केल्याची कथा स्कॉटलंडमध्ये अजून सांगतात. भरती झालेल्याला राजाचा शिलिंग आणि त्यापेक्षा बरीच मोठी बक्षिसी मिळे, हे खरे. पण त्या बक्षिसीतला बराच भाग त्याच्याच सदरे, बूट, ब्रश अशा सामानापोटी कापला जाई आणि उरलेला सार्जंटच्या संगतीने दारूच्या गुत्त्यात संपे. १८०६ पर्यंत भरती जन्मभरासाठी असे. त्या वर्षी पायदळाला सात वर्षांच्या मुदतीची सोय झाली. जन्मभराच्या नोकरीसाठी बक्षिसी जास्त असल्याने पुष्कळांनी तरीही तीच पत्करली.

सक्तीच्या लष्करसेवेला विरोधही झाला. १७९७ च्या मिलिशिया कायद्याने घरच्या संरक्षणासाठी चिठ्ठ्या टाकून माणसे घेण्याचे ठरले, तेव्हा एडिंबरोजवळच्या ट्रॅनेंट गावी २९ ऑगस्टला जमाव जमला. घोडदळाने त्याच्यावर हल्ला चढवला. त्यात डझनभर गावकरी मारले गेले, काही तर निषेधाशी संबंध नसलेले.

पगार आणि पोट : १७९७ पासून पायदळाच्या शिपायाला रोजचा एक शिलिंग मिळे. त्यातून अन्न, धुलाई, बूटदुरुस्ती आणि पट्टे पांढरे करण्याची माती यांचे पैसे वळते होत. स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत तर पगार महिनोन्‌महिने थकलेला असे. मोहिमेवरचा ठरलेला शिधा म्हणजे रोज एक पौंड गोमांस, दीड पौंड पाव किंवा एक पौंड कडक बिस्किट, आणि थोडी रम किंवा वाइन. मांसाच्या वजनात हाडे धरलेली असत आणि पुष्कळदा जनावर लष्कराबरोबर मैलोन्‌मैल चालून आलेले असल्याने ते चामड्यासारखे चिवट लागे. मांस उकळून रस्सा करायचा, हाच बहुतेक दिवसांचा स्वयंपाक. घरी ओटच्या लापशीवर वाढलेल्या हायलँडरला बराकीतले रोजचे मांस सुरुवातीला चैनच वाटत असे. गावी त्याला ते क्वचितच मिळे.

अंगावरचे ओझे साठ पौंडांच्या घरात जाई. दहा पौंडांची ठासणीची मस्केट बंदूक, साठ काडतुसे, संगीन, पाठपिशवी, घोंगडी, पाण्याचे लाकडी भांडे आणि तीन दिवसांची बिस्किटे. वर गळ्याभोवती कडक चामडी पट्टा, ज्यामुळे मान वळवणेही कष्टाचे. मोहिमेत शिपायांना तंबू १८१३ पर्यंत मिळाले नाहीत. तोवर उघड्यावर, घोंगडी पांघरून झोपायचे. घोंगडीची किंमत किती होती हे १८०१ च्या अलेक्झांड्रियाच्या लढाईतील एका प्रसंगावरून कळते. जखमी सेनापती सर राल्फ ॲबरक्रोम्बी याच्या डोक्याखाली कुणी तरी शिपायाची घोंगडी घडी करून ठेवली. ती ४२व्या पलटणीतल्या डंकन रॉयची आहे असे कळल्यावर, रात्र पडायच्या आत ती त्याला परत मिळाली पाहिजे, असे मरणपंथाला लागलेल्या सेनापतीने बजावले. ॲबरक्रोम्बी स्वतः स्कॉट होता, ही गोष्ट तिकडे मुद्दाम सांगितली जाते.

शिस्त, धर्म, अक्षरे : ब्रिटिश सैन्यात फटक्यांची शिक्षा सर्रास होती. १८०७ पर्यंत हजाराहून अधिक फटक्यांचे निकालही होत. १८१२ मध्ये पलटणीच्या न्यायसभेला तीनशेची मर्यादा घालण्यात आली. एका वेळी सगळे फटके सोसले नाहीत, तर जखमा भरल्यावर उरलेले मारले जात. हायलँड पलटणींत हे प्रमाण कमी असल्याची ख्याती होती. एकाच खोऱ्यातले भाऊ, चुलते, शेजारी एका तुकडीत असल्याने गावाकडे बदनामीची बातमी जाईल ही धास्तीच फटक्यांपेक्षा मोठी ठरे. तरीही ही माणसे मुकाट ऐकणारी नव्हती. दिलेला शब्द मोडला, परदेशी पाठवणार नाही असे सांगून जहाजावर चढवायला निघाले, की पलटणीच्या पलटणी अडून बसत. १७९५ साली गुलन येथे ग्रँट फेन्सिबल्स या देशरक्षणापुरत्या उभारलेल्या पलटणीच्या शिपायांना बंडाच्या आरोपाखाली गोळ्या घालण्यात आल्या.

१८०६ पासून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपमध्ये असलेल्या ९३व्या पलटणीच्या शिपायांनी स्वतःची चर्चमंडळी स्थापली, आपल्यातूनच वडीलधारे निवडले, धर्मोपदेशकाच्या मानधनासाठी पगारातून वर्गणी काढली आणि घरीही पैसे पाठवले. १६९६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या परगण्यापरगण्यांत शाळा निघालेल्या असल्याने, विशेषतः लोलँडच्या शिपायांत, वाचता-लिहिता येणारे इतरांपेक्षा जास्त होते. त्यामुळे या युद्धांतील साध्या शिपायांच्या आठवणी व पत्रे स्कॉटिश पलटणींकडून बऱ्यापैकी मिळतात. गेलिकभाषकांची परंपरा मौखिक. ९२व्या पलटणीचा कॉर्पोरल अलेक्झांडर मॅकिनन याने १७९९ ची हॉलंडमधील लढाई आणि इजिप्तची मोहीम यांवर गेलिक कविता रचल्या. इजिप्तमध्ये तो स्वतः जखमी झाला होता.

बायका : परदेशी निघालेल्या दर शंभर शिपायांमागे साधारण सहा बायकांना सोबत नेण्याची परवानगी असे. बंदरावर चिठ्ठ्या उचलून हे ठरे. ज्यांच्या हाती ‘राहायचे’ ही चिठ्ठी येई त्या मुलाबाळांसह किनाऱ्यावर उरत. गावापर्यंत जायला बहुधा पैसेही नसत. सोबत गेलेल्यांना निम्मा शिधा, मुलाला चौथा हिस्सा. धुणे, शिवण, जखमींची शुश्रूषा ही त्यांची कामे. नवरा पडला तर विधवेने थोड्याच दिवसांत त्याच तुकडीतल्या दुसऱ्या शिपायाशी लग्न करावे, हे रीतीला धरून होते; नाही तर तिचा शिधा बंद होई. बराकीत जोडप्याला वेगळी खोली नसे. कोपऱ्यात टांगलेली एक घोंगडी, एवढाच आडोसा.

किल्ट आणि बॅगपाइप : १८०९ साली सरकारने ७२, ७३, ७४, ७५, ९१ व ९४ या पलटणींचा हायलँड पोशाख काढून घेतला. पुरेसे हायलँडर मिळत नव्हते आणि इंग्लिश-आयरिश तरुण किल्ट घालायला तयार नसत, हे कारण सरळच सांगितले होते. ज्यांचा किल्ट टिकला त्या पलटणींनी १८१५ साली पॅरिसमध्ये मोठे कुतूहल जागवले. रशियाचा झार अलेक्झांडर याने काही हायलँडरांना राजवाड्यात बोलावून त्यांचे मोजे, पाय व कपडे बारकाईने तपासले. ७९व्या पलटणीचा सार्जंट टॉमस कॅम्पबेल सांगतो की, झारला शंका राहू नये म्हणून त्याने स्वतःच किल्ट बेंबीपर्यंत वर केला.

पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, हा पलटणीचा मानाचा माणूस. १८०८ मध्ये पोर्तुगालमधील व्हिमेइरोला ७१व्या पलटणीचा जॉर्ज क्लार्क जखमी होऊन खाली बसला आणि बसूनच वाजवत राहिला. वॉटर्लूला फ्रेंच घोडदळाचे हल्ले चालू असताना ७९व्या पलटणीचा केनेथ मॅके चौकोनी व्यूहाबाहेर पडून वाजवत फिरला.

महाराष्ट्रातील स्कॉट : पायपरची तिसरी गोष्ट आपल्याकडची आहे. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेत ७४वी, ७८वी आणि ९४वी या स्कॉटिश पलटणी होत्या. ऑगस्टमध्ये अहमदनगरच्या पेठेच्या तटावर शिड्या लावून चढणाऱ्यांत ७८व्या पलटणीचे शिपाई होते. २३ सप्टेंबरला असई येथे (आजचा जालना जिल्हा) केळणा नदी ओलांडून वेलस्लीने दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेवर चाल केली. आघाडीच्या तुकडीची वाट चुकली, तिच्यामागून ७४वी पलटण सरळ असई गावाकडे, शिंद्यांच्या कंपूच्या (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या फौजेच्या) तोफांपुढे गेली. तिच्या सुमारे ५०० माणसांपैकी ४०० च्या आसपास ठार वा जखमी झाली आणि रणांगणावरच्या अधिकाऱ्यांत धडधाकट एखादाच उरला. वेलस्लीने पुढे किती तरी लढाया जिंकल्या, पण तोफा सोडून न हटणाऱ्या कंपूच्या गोलंदाजांनी त्या दिवशी घेतलेली किंमत त्याने कधी कमी लेखली नाही. कंपनी सरकारने ७४व्या व ७८व्या पलटणींना खास तिसरे निशाण दिले आणि हत्तीचे चिन्ह त्यांच्या वाट्याला आले.

या लढाईत वादकांना जखमींची वाहतूक करण्याचा हुकूम होता. ७८व्या पलटणीच्या एका पायपरने तो आपल्यालाही लागू आहे असे समजून बॅगपाइप खाली ठेवला. बासरीवाल्यांनी मागे जावे, पण पायपरने जावे हे साथीदारांना मुळीच रुचले नाही. त्यांनी त्याला टोचून टोचून हैराण केले. २९ नोव्हेंबरला अडगावच्या (अकोला जिल्हा) लढाईत त्याने ती भरपाई इतक्या जोरात केली की पलटण भलतीच पुढे धावेल अशी सेनानायकाला चिंता पडली. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगडाच्या आतील तटावर शिड्या लावून उतरणारे ९४व्या पलटणीचे होते.

रोग : तोफेपेक्षा ताप जास्त मारी. १७९० च्या दशकात वेस्ट इंडीजच्या बेटांवर पिवळ्या तापाने हजारो ब्रिटिश शिपाई गेले. तिकडे रवानगी म्हणजे मृत्युदंड, अशीच भावना बराकीत होती. इजिप्तहून परतलेल्यांपैकी किती तरी जणांची दृष्टी डोळ्यांच्या साथीत गेली. १८०९ च्या वाल्चेरेन (हॉलंडचे बेट) मोहिमेत लढाईत सुमारे शंभर माणसे पडली, तापाने सुमारे ४,०००. वाचलेल्यांच्या अंगात तो ताप पुढे स्पेनमध्येही उलटत राहिला. त्याच वर्षी जानेवारीत, ग्लासगोत जन्मलेल्या सर जॉन मूरच्या सैन्याने बर्फातून स्पेनच्या कोरुन्या बंदराकडे माघार घेतली, तेव्हा अनेकांच्या पायांत बूट उरले नव्हते.

युद्धानंतर : वॉटर्लूच्या प्रत्येक शिपायाला पदक मिळाले आणि नोकरीत दोन वर्षे जादा धरली गेली. लंडनच्या चेल्सी येथील सैनिकांच्या संस्थेकडून मिळणारी पेन्शन मात्र जखमा आणि नोकरीची वर्षे पाहून ठरे. सदरलँडच्या कुळांचे प्रकरण सर्वांत कडू. ९३वी पलटण १८१५ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सच्या तटासमोर तोफांच्या माऱ्यात उभी होती. त्याच्या आदल्या वर्षीच तिच्या शिपायांच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात जमीनदाराच्या माणसांनी कुळांची घरे रिकामी करून पेटवून दिली होती. परतलेल्या कित्येकांना घर म्हणून समुद्रकाठचा खडकाळ तुकडा मिळाला, कित्येक कॅनडाला निघून गेले.

स्पेन-पोर्तुगालच्या लढायांचे पदक १८४७ साली जाहीर झाले. ते हयात असून स्वतः अर्ज करणाऱ्यालाच मिळे. हिंदुस्थानातील मोहिमांचे पदक त्याहून उशिरा, १८५१ मध्ये मंजूर झाले. असईला लढलेल्या शिपायाला त्यासाठी आणखी अठ्ठेचाळीस वर्षे जगावे लागले.