पार्श्वभूमी : चर्चमधील बहुस्वरी गायन आणि मराठवाडा

पेटी नाही, तबला नाही, झांजही नाही. वेदीच्या डाव्या बाजूला सात-आठ जण अर्धवर्तुळात उभे राहतात, एकजण मोबाइलवर एक स्वर वाजवून सर्वांना देतो आणि मिस्सागीत, म्हणजे मिस्सा या कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतील गायन, सुरू होते. मराठवाड्यातील कॅथलिक भाविकाला हे दृश्य आजही थोडे परके वाटते. हातातील कागदावर लॅटिन प्रार्थनांचे शब्द मात्र देवनागरीत असतात: ‘सांक्तुस’, ‘आग्नुस देई’ आणि ‘किरिए एलेइसोन’, जे मुळात लॅटिन नसून ग्रीक आहे. मोठा गायकवृंद जमला नाही म्हणून एवढ्या थोड्या लोकांवर भागवले जाते, असा अनेकांचा समज असतो. या बहुस्वरी संगीताचा, म्हणजे एकाच वेळी निरनिराळ्या चाली गाण्याच्या कलेचा, इतिहास वेगळे सांगतो.

पाश्चात्त्य चर्चचे मूळ गायन, म्हणजे ग्रेगोरियन गान, एकस्वरी होते. आपल्या भजनासारखे सगळे एकच चाल गात. अकराव्या शतकात ग्वीदो या इटालियन मठवासीने रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत बसवली आणि स्वरांना ‘उत, रे, मी’ अशी सरगमीसारखी नावे दिली. लिहिता आल्यामुळे एकाच वेळी चालणाऱ्या निरनिराळ्या चाली रचणे सोपे झाले. सोळाव्या शतकात इटलीचे पालेस्त्रीना आणि स्पेनचे व्हिक्टोरिया या संगीतकारांनी ही कला शिखरावर नेली. त्याच काळात त्रेंत येथील धर्मपरिषदेत (१५४५–१५६३) तक्रार झाली की, गुंतलेल्या आवाजांत प्रार्थनेचे शब्दच ऐकू येत नाहीत. पालेस्त्रीनाने एक मिस्सा (मिस्सेच्या प्रार्थनांच्या संगीतरचनेलाही मिस्साच म्हणतात) रचून हे संगीत बंदीपासून वाचवले, ही कथा गोड असली तरी इतिहासकार तिला दंतकथाच मानतात.

लहान गटाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण इंग्रज संगीतकार विल्यम बर्ड यांचे आहे. इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी असताना, १५९० च्या दशकात, त्यांनी तीन, चार आणि पाच आवाजांसाठी तीन मिस्सा छापल्या, त्याही मुखपृष्ठाविना. त्या घरांतील गुप्त उपासनेत मूठभर माणसांनी गाव्यात, अशाच बेताच्या होत्या.

मराठवाड्यात कॅथलिक मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, निजामाच्या राजवटीत, फ्रान्समधील आनेसीहून आलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या धर्मगुरूंनी वाढवले. घोगरगाव हे त्याचे जुने केंद्र. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होई आणि वेदीपाशी धर्मगुरू लॅटिनच गात. पण गावच्या भाविकाच्या कानात अभंग आणि भारूड आधीपासून मुरलेले होते. १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, तोवर उपासना मराठीत आली होती आणि तिच्यासोबत पेटी-तबलाही वेदीजवळ पोहोचला होता.

या बदलामागे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, ४ डिसेंबर १९६३ चा उपासनाविषयक दस्तऐवज आहे. लॅटिन संगीत त्यानेच मोडीत काढले, असे सर्रास म्हटले जाते; ते अर्धसत्य आहे. त्या एकाच दस्तऐवजात ग्रेगोरियन गानाला अग्रस्थान दिले आहे, बहुस्वरी गायनाला मुभा आहे आणि मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असेही म्हटले आहे. आणखी एक दार उघडले ते स्त्रियांसाठी. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये त्यांना चर्चच्या गायकवृंदात मनाई केली होती, तर व्हॅटिकनच्या १९६७ च्या सूचनापत्राने स्त्री-पुरुषांच्या एकत्रित गायकवृंदाला स्पष्ट मान्यता दिली. आज चार आवाजांपैकी सोप्रानो आणि आल्टो हे वरचे दोन आवाज बहुधा सिस्टर आणि महाविद्यालयीन मुलीच सांभाळतात.

भजनात वाढलेल्या गळ्याला यात खरी अडचण येते ती आल्टोत. शेजारची सोप्रानो मुख्य चाल गात असली की आल्टो नकळत तिच्याकडे सरकते, कारण सगळ्यांनी मिळून एक चाल धरणे हाच लहानपणापासूनचा संस्कार असतो. मात्र तानपुऱ्याची सवय असलेल्याला एक गोष्ट चटकन साधते: साथीला वाद्य नसल्याने पेटीच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला, शुद्ध गांधार लावता येतो आणि चारही आवाज एकदम जुळून दगडी भिंतींत घुमतात. साथ नसण्याचा तोटाही आहेच. सरावात ‘आग्नुस देई’ संपल्यावर मोबाइलवर पुन्हा सुरुवातीचा स्वर वाजवला जातो, तेव्हा सगळा गट अर्ध्या सुराने खाली उतरलेला असतो.