प्रॅक्टिकल झालं म्हणजे नक्की कुठलं? स्किल लॅबचं की वॉर्डातलं?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे दोन प्रश्न मला सारखे ऐकायला मिळतात. एक म्हणजे, "मॅडम, आमचं कॅथेटरचं (लघवीच्या नळीचं) प्रॅक्टिकल झालंय, चेकलिस्टवर सही पण आहे, तरी वॉर्डात सिस्टर हात का लावू देत नाहीत?" आणि दुसरा बरोबर उलटा, "वॉर्डात रोज पंधरा-वीस बीपी घेतो आम्ही, मग परत लॅबमध्ये त्या रबरी हातावर बीपी कशाला घ्यायचं?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे आपण दोन्हीला सरसकट "प्रॅक्टिकल" म्हणतो. वर्गात बसून ऐकायचं ते थिअरी आणि हाताने करायचं ते सगळं प्रॅक्टिकल, असा हिशोब डोक्यात बसलेला असतो, आणि तिथेच गडबड होते कारण स्किल लॅब (कॉलेजमध्ये डमीवर सराव) आणि क्लिनिकल पोस्टिंग (वॉर्डात खऱ्या पेशंटबरोबर काम) या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत, तास वेगळे मोजतात, परीक्षा वेगळी असते आणि शिकवतात तेही वेगळंच.

आधी लॅब बघू. लॅब काही आजची नाही हां. १९११ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलमधल्या नर्सिंग स्कूलसाठी मार्था चेस नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली होती, तिचं नावच पडलं "मिसेस चेस", आणि १९१४ च्या सुधारित बाहुलीत तर दंडावर इंजेक्शन द्यायची सोयसुद्धा होती. म्हणजे आधी बाहुलीवर आणि मग माणसावर ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. आजच्या लॅबमध्ये अख्खी डमी असते, नाहीतर सुटे भाग असतात, नुसता हात, नुसती कंबर, नुसता नितंब (पहिल्या दिवशी टेबलावर हे सगळं मांडलेलं बघून घाबरायला होतं, नंतर त्याच्याच बाजूला बसून डबा खाता).

तिथे काम कसं चालतं? मॅडम एकदा करून दाखवणार, मग तुम्ही तसंच करून दाखवायचं, त्याला रिटर्न डेमो म्हणतात, आणि समोर चेकलिस्ट. इंजेक्शन स्नायूत द्यायचं तर सुई ९० अंशात, त्वचेखाली द्यायचं तर साधारण ४५ मध्ये (चरबी बऱ्यापैकी असेल तर ९० पण चालतं), आणि त्वचेच्या आतच द्यायचं असेल तर जेमतेम १० ते १५. स्टराइल ट्रे उघडला की कापडाच्या कडेचा एक इंच निर्जंतुक धरायचा नाही. हे असलं सगळं हातात बसेपर्यंत करायचं. चुकलात? टाका, नवीन ग्लोव्ह घाला, परत पहिल्यापासून. डमी ओरडत नाही, तिला जंतुसंसर्ग होत नाही, तिचा मुलगा बाजूला उभा राहून "अहो तुम्ही शिकाऊ आहात का" असं विचारत नाही. चूक फुकट असणं हाच लॅबचा सगळ्यात मोठा फायदा, आणि माझ्या मते मुलं तोच सगळ्यात कमी वापरतात. एकदा बरोबर आलं की सही घेऊन मोकळी.

आता वॉर्ड. तिथे हातांना नवीन शिकवतात काय, तर काहीच नाही! हात आपोआप चालले पाहिजेत असंच गृहीत धरलेलं असतं, म्हणजे डोकं बाकीच्या गोष्टींना मोकळं राहतं.

बीपीचंच घ्या. लॅबच्या हातात आकडा मॅडमनी सेट केलेला असतो, ठोके खणखणीत येतात, १२० ला सुरू आणि ८० ला बंद. वॉर्डात पेशंटचा दंड जाड असतो आणि हाताशी असलेला कफ नेमका छोटा, छोट्या कफने बीपी खोटं जास्त दाखवतं. किंवा पेशंट आत्ताच बाथरूमहून चालत आलेला असतो, किंवा शेजारच्या कॉटवरचे कोणीतरी मोठ्याने फोनवर बोलतायत आणि ठोका नक्की कुठे थांबला तेच कळत नाही. शिवाय एका हातात सलाईन. आता आकडा १६० आला तर तो खरा आहे का, परत घ्यायचा का, किती वेळाने घ्यायचा, कुणाला सांगायचं? लॅबच्या चेकलिस्टमध्ये यातलं काही नसतं, असू पण शकत नाही.

श्वास मोजणं तर त्याहून मजेशीर आहे. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० हे पुस्तकात पाठ झालेलं असतं, डमीची छाती मशीनसारखी वरखाली होते ती मोजून होते. पण माणसाला "तुमचे श्वास मोजते हां" असं सांगितलं की तो लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतोय असं भासवत छातीकडे बघत मोजायचं. लॅबमध्ये सांगितलेलं असतं हे पण, पण तिथे ते नाटक वाटतं.

माझं स्वतःचं सांगते. लॅबमध्ये बेड बाथला (पेशंटला कॉटवरच आंघोळ घालणं) मला पैकीच्या पैकी होते, कुठला टॉवेल कुठे, पाणी कधी बदलायचं, डोळे आतून बाहेर पुसायचे, सगळं पाठ. पहिल्या पोस्टिंगला एक आजी मिळाल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, कुशीवर वळवलं की कळवळायच्या. मी आपली चेकलिस्टप्रमाणे चाललेय, पडदा ओढला, नाव विचारलं, परवानगी घेतली, पण त्यांना वळवायला दुसरं कोणीतरी लागेल हे आधी ठरवलंच नव्हतं, मदत येईपर्यंत पाणी गार झालं, परत आणलं, तोपर्यंत आजी थंडीने कुडकुडतायत. कशीबशी आंघोळ संपली, मी खूश. सिस्टर आल्या, चादर पायाकडून वर केली आणि विचारलं, "टाच बघितलीस का?" टाच लाल होती. बोटाने दाबल्यावरही तो लालपणा जात नव्हता, म्हणजे बेडसोअरची (पडून पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात. मी त्याच टाचेवरून दोन मिनिटांपूर्वी साबणाचा कपडा फिरवला होता! पुसली होती, बघितली नव्हती.

तेव्हापासून मला हा फरक असा कळलाय की लॅबमध्ये पायऱ्या संपल्या की प्रोसिजर संपते आणि वॉर्डात प्रोसिजर हे पेशंटकडे नीट बघायचं निमित्त असतं. डमीच्या टाचेचा रंग गालासारखाच असतो, तिच्याकडे बघून मिळणार काय? पण आंघोळ घालताना अख्खी त्वचा दिसते, गोळी देताना गिळता येतंय का ते दिसतं, चादर बदलताना माणूस किती हलू शकतो ते कळतं. पण हे बघायला डोळे तेव्हाच मोकळे होतात जेव्हा हात चेकलिस्ट आठवत बसलेले नसतात. म्हणजे वरच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच, की वॉर्डात रोज बीपी घेत असलात तरी रबरी हातावर परत बसा, कारण वॉर्डात घाईघाईत लागलेल्या वाईट सवयी (कफ कपड्यावरूनच बांधणं, हवा भसकन सोडणं, आकडा नीट न ऐकता अंदाजे १२०, १३० असा शून्याने संपणारा लिहिणं) लॅबमध्येच सुटतात, वॉर्डात कोणाला वेळ असतो तुमची सवय सोडवायला.

हात धुणं पण असंच. लॅबमध्ये एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद. वॉर्डात जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रसंग लागू होतात: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त वगैरे लागण्याची शक्यता असेल त्यानंतर, पेशंटला हात लावल्यानंतर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. तो पाचवा सगळे विसरतात, कारण डमीच्या कॉटचा दांडा हा नुसता दांडाच असतो.

परीक्षेतही दोन्ही वेगळे. लॅबमधल्या कौशल्यांची परीक्षा म्हणजे ऑस्की, एकेका स्टेशनवर जाऊन ठरलेलं काम करून दाखवायचं. हा प्रकार रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून मांडला, मुळात डॉक्टरीच्या मुलांसाठी, आणि त्यातली गंमत हीच की प्रत्येक स्टेशनवर सगळ्यांना तेच काम, तेवढाच वेळ, तीच मार्कांची यादी. म्हणजे न्याय एकदम सारखा. वॉर्डात असा न्याय शक्यच नाही, तुम्हाला शांत पेशंट मिळाला आणि मैत्रिणीला दर दहा मिनिटांनी सलाईन उपटणारे आजोबा मिळाले तर काय करणार. म्हणून तिथे एका दिवसावर मार्क देत नाहीत, अख्खं पोस्टिंग बघतात, लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही), केअर प्लॅन (त्या पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा लेखी आराखडा), हॅन्डओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती कशी देता, काही वेगळं दिसलं तर सांगायला येता का लपवता. ऑस्कीत पहिली येणारी मुलगी वॉर्डात सरासरी निघते, उलटंही होतं, आणि दोन्ही वेळा तिला वाटतं की अन्याय झाला.

केअर प्लॅनचं थोडक्यात सांगते. वर्गातल्या केस स्टडीत दिलेली प्रत्येक ओळ कामाची असते, म्हणून तर दिलेली असते. वॉर्डातल्या फाइलमध्ये निम्मं तुमच्या आजच्या कामाचं नसतं आणि जे हवंय ते लिहिलेलंच नसतं, ते पेशंटला विचारून काढायचं.

आता तासांकडे येऊ, कारण खरी भांडणं तिथे होतात, "आम्ही लॅबमध्ये एवढे तास घालवले ते क्लिनिकलमध्ये धरा ना". युरोपियन युनियनच्या नियमात नर्सिंगच्या शिक्षणाला किमान ४६०० तास लागतात, त्यातले किमान एक तृतीयांश थिअरीचे आणि किमान निम्मे क्लिनिकलचे. आणि क्लिनिकल म्हणजे काय तेही तिथे लिहिलंय, टीमचा भाग म्हणून, निरोगी किंवा आजारी माणसाशी किंवा समाजाशी थेट संपर्कात राहून शिकणं. थेट संपर्क! डमी तिथेच बाद झाली. ब्रिटनमध्ये २३०० तास प्रॅक्टिसचे धरतात आणि २०२३ पासून त्यातले ६०० पर्यंत सिम्युलेशनमधून (म्हणजे रचलेल्या प्रसंगातून, त्याबद्दल पुढे) चालतात. भारतात नर्सिंग कौन्सिलच्या सेमिस्टर पद्धतीच्या अभ्यासक्रमात तर हा फरक क्रेडिटमध्येच दिसतो, एका सेमिस्टरला थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे २० तास, लॅबचा ४० आणि क्लिनिकलचा ८०. म्हणजे लॅबचा तास आणि वॉर्डाचा तास हे नियमातही एकाच मापाचे नाहीत.

मग सिम्युलेशन कुठे बसतं, हा खरा अवघड प्रश्न आहे, कारण जागा लॅबची आणि वागणं वॉर्डासारखं. सिम्युलेशन म्हणजे डमीवर कॅथेटर टाकणं नव्हे, तिथे एक प्रसंग रचलेला असतो, "पेशंट"चा ऑक्सिजन उतरायला लागतो, नातेवाईक रडत असतो, आणि तुम्ही ठरवायचं, मग संपल्यावर बसून चर्चा, काय दिसलं, काय सुटलं, का सुटलं. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला, दहा नर्सिंग प्रोग्राममधल्या मुलांचे तीन गट केले, एका गटाच्या क्लिनिकल तासांत सिम्युलेशन १० टक्क्यांपर्यंतच, दुसऱ्यात २५ आणि तिसऱ्यात ५० टक्के. शेवटी ज्ञान, क्लिनिकल कौशल्य आणि लायसन्स परीक्षेत पास होणं, कशातच म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. पण हे वाचून "बघा, निम्मा वॉर्ड वाचला" असं म्हणू नका, तिथे शिकवणारे त्यासाठी खास तयार केलेले होते आणि चर्चा पद्धतशीर घेतली जायची. नुसती महागडी डमी आणून कपाटात ठेवली तर ५० टक्के काय, ५ पण होत नाहीत.

काही बाबतीत तर मी सिम्युलेशनलाच वरचा नंबर देईन. हृदय बंद पडलं तर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल छाती दाबायची, हे शिकायला कोणाचं तरी हृदय बंद पडायची वाट बघायची का? आणि पडलंच तर शिकाऊ मुलांना कोपऱ्यात उभं करतात, करायलाच पाहिजे. प्रसूतीनंतरचा भयंकर रक्तस्राव, औषधाची तीव्र ॲलर्जी, हेही तसंच. पण दुःखी माणसाशी बोलणं, नकार ऐकणं (पेशंट "शिकाऊ नको" म्हणू शकतो, तो त्याचा हक्क आहे), सहा पेशंटपैकी आधी कोणाकडे जायचं, याला वॉर्डच हवा.

आणि वॉर्डात असणं म्हणजे पण लगेच क्लिनिकल झालं असं नाही. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला टेकून चार तास बघितलं ते निरीक्षण झालं, लॉगबुकमध्ये पण "बघितलं", "मदत केली" आणि "केलं" हे वेगळं लिहायचं असतं. मुलं सर्रास "केलं"वर खूण करतात, आणि तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला पकडली जातात.

राहता राहिला पहिला प्रश्न, सही असून हात का लावू देत नाहीत. लॅबच्या सहीचा अर्थ एवढाच की तुम्ही आता पेशंटवर देखरेखीखाली शिकायला तयार आहात. परवानगी नाही ती. त्या पेशंटची जबाबदारी त्या सिस्टरवर आहे, आणि तिला तुमची चेकलिस्ट माहीत नाही, तुमचा चेहरा आज सकाळी पहिल्यांदा बघितलाय तिने. म्हणून "माझं प्रॅक्टिकल झालंय" एवढंच म्हणू नका, ते ऐकून तिला काहीच कळत नाही. असं सांगून बघा: "सिस्टर, डमीवर चार वेळा केलंय, माणसावर पहिल्यांदाच, तुम्ही शेजारी थांबाल का?"